टोपीवरचा पापुद्रा

मी बोलतोय. नाही, तिकडे नाही, जरा वर बघा. नथ्थूआबांच्या टोपीच्या माथ्यावर जी काळपट पट्टी शिवलेली दिसते ना, तिच्या अगदी वरच्या अंगाला मी आहे. अजून दिसलो नाही? दिसणारच नाही. मी पारदर्शक आहे. माझ्या आरपार तुम्हाला खालची पट्टी दिसते आणि तुम्ही म्हणता, "इथे तर काहीच नाही."

खरं सांगू का, कधी कधी मलाही तसंच वाटतं.

माझा जन्म जळगावच्या एका प्रयोगशाळेत झाला. जन्म दिला चारुलताने. ही नथ्थूआबांची एकुलती एक मुलगी. गाव पुरुषोत्तमनगरच्या अलीकडे, घरी ऊस आणि केळी, आणि ही पोरगी तिकडे पीएचडी करत होती. एके दिवशी तिने बाटलीतला राखाडी द्रव प्लास्टिकच्या पातळ कागदावर ओतला आणि एका गुळगुळीत सळईने एका दमात सारखा पसरला. त्या द्रवात चांदीच्या तारा होत्या, केसापेक्षाही कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या. द्रव उडून गेला, तारा एकमेकींवर आडव्यातिडव्या पडून राहिल्या, आणि त्यांचं जे जाळं झालं तो मी.

मग मी नक्की कोण? अंगात चांदी आहे, पण सोनार मला दारातही उभं करणार नाही. अंगाखाली प्लास्टिक आहे, पण माझी पिशवी होत नाही. काचेसारखा आरपार दिसतो, पण काच म्हणावं तर वाकतो. चारुलताबरोबर काम करणारा ललित मला इलेक्ट्रोड म्हणायचा. आबांच्या गावात आल्यावर कुणी मला मेणकापड म्हणालं, कुणी मोबाईलवर चिकटवायचा कागद. मी सगळ्या नावांना ओ दिली. दुसरं काय करणार?

माझं कामही डोक्याला ताप देणारं आहे. पट्टीत ऊन शिरलं की तिथे वीज तयार होते. ते ऊन आत जातं माझ्यातून, आणि झालेली वीज बाहेर पडते तीही माझ्यातूनच. ऊन म्हणतं, "बाबा रे, तू पातळ हो, मला आत जायचंय." वीज म्हणते, "जाड हो, मला बाहेर पडायचंय." दोघांचं ऐकता ऐकता माझा पार गोंधळ उडायचा.

माझ्या आधी हे काम करणारी जुनी मंडळी काचेवर बसायची. कामाला चोख, पण स्वभावाने कडक. जरा वाकवलं की तडकायची. मी वाकतो, म्हणून चारुलताला माझं भारी कौतुक. ती मला पेनाभोवती गुंडाळायची, पुन्हा सरळ करायची आणि ललितला म्हणायची, "बघ, काही झालं नाही!" मीही फुशारलो. वाकणं कुठे संपतं आणि मोडणं कुठे सुरू होतं, ते तेव्हा तिला नीट माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच नव्हतं.

आता टोपीवर कसा आलो ते सांगतो.

आबांना ऐकू येत नाही. वयाप्रमाणे कान गेले. त्यांच्याकडे कानाचं एक यंत्र आहे. चपटी डबी सदऱ्याच्या खिशात आणि तिथून एक तार कानापर्यंत. पण डबीतली बॅटरी म्हातारी झाली होती. ती डबीतच पक्की बसवलेली, आणि तसली बॅटरी आता मिळत नाही. रात्रभर प्लगला लावून ठेवली तरी सकाळची न्याहारी होईपर्यंत तग धरायची. आबा शेताच्या वाटेला लागले की कान बंद. मागून उसाचा भरलेला ट्रॅक्टर आला तरी त्यांना पत्ता नसायचा. एकदा दलसिंग, तो कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, त्याने अगदी पाठीशी येऊन ब्रेक दाबला. खाली उतरून त्याने आबांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं.

हे चारुलताच्या कानावर गेलं. तिने माझी पट्टी कापली, आबांच्या पांढऱ्या टोपीच्या माथ्यावर या अंगावरून त्या अंगावर कमानीसारखी शिवली आणि एक बारीक तार टोपीतून खाली खिशातल्या डबीपर्यंत आणली. उन्हात फिरायचं, ऐकत राहायचं. शेतकऱ्याच्या डोक्याएवढं ऊन दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर असतं?

पहिल्याच दुपारी आबा केळीच्या बागेत गेले आणि मध्येच थांबले. वाऱ्याने केळीचं पान टर्रकन फाटलं होतं. किती वर्षांनी त्यांनी तो आवाज ऐकला कोण जाणे. ते त्या पानाकडे बघत राहिले, मग दुसऱ्या पानाजवळ गेले आणि तेही फाटायची वाट बघत उभे राहिले. मला हसू की रडू कळेना.

त्या दिवसापासून आबा भेटेल त्याला सांगू लागले, "मन्ही आंडेरनी करेल टोपी शे. ऊन पडस आनि माले ऐकू येस." आंडेर म्हणजे मुलगी, हे मला तेव्हा समजलं. प्रयोगशाळेत सगळे 'आहे, आहे' म्हणायचे, इथे सगळे 'शे, शे' म्हणतात. सुरुवातीला मला वाटलं, मी चुकून परदेशातच आलो.

लोक चिडवायचे, "नथ्थूभाऊ, पोरगीनी तुम्हले टोपी घाली!" आबा आधी टोपी चाचपायचे, मग खो खो हसायचे. ऐकू आल्यावर हसणं आणि न ऐकता हसणं यांत फरक असतो. पहिलं जरा उशिरा येतं, पण पोटातून येतं.

ऊसतोडीचा अख्खा हंगाम असा सुखात गेला. मग आली आखाजी, म्हणजे इकडची अक्षय्य तृतीया.

आखाजीला चारुलता घरी यायची होती, पाहुणे यायचे होते, आणि त्याआधी एका नात्यातल्या लग्नाला जायचं होतं. कौसाबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, टोपीकडे बघून नाक मुरडलं. टोपी मळली होती. आता कौसाबाई तशा काळजीच्या. पट्टीला पाणी लागू द्यायचं नाही हे चारुलताने बजावलं होतं, ते त्यांनी पाळलं. तार सोडून ठेवली. पट्टी हातात वर धरून फक्त खालचं कापड धुतलं, नीळ दिली, खळ दिली, सावलीत वाळवलं. एवढं निगुतीने माझं कुणीच केलं नव्हतं.

मग त्यांनी ते केलं, जे या भागातली प्रत्येक बाई टोपीचं करते. टोपी दुमडली, माथ्यावरून बोट घट्ट फिरवून घडी धारदार केली आणि गादीखाली ठेवली. अख्खी रात्र आबा त्या गादीवर झोपले. इस्त्री नको, कोळसा नको, सकाळी टोपीला अशी घडी पडते की बघत राहावं.

आबा म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे ना घडी."

तर कौसाबाईंनी त्यांच्या कानाशी येऊन सुनावलं, "बिनघडीनी टोपी घालीसन लगनमा फिरशात का? लोके काय म्हनतीन? आनि चारूच म्हने, वाकनं तरी चालस."

बरोबरच होतं त्यांचं. चारुलता तसंच म्हणाली होती. पेनाभोवती गुंडाळणं आणि गादीखाली घडी घालणं यांत फरक आहे, हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. माथ्यावर जिथे माझी कमान होती, तिथेच नेमकी घडी पडली. आत काहीतरी कटकन झालं. एक तार, मग दुसरी, मग एका ओळीत सगळ्या. दुखलं का? ठाऊक नाही. एवढंच कळलं की माझी एक बाजू दुसऱ्या बाजूला हाका मारते आहे आणि पलीकडून उत्तर येत नाही.

सकाळी आबांनी टोपी घातली. बाहेरून मी होतो तसाच, स्वच्छ, आरपार. ऊन माझ्यातून आत जात होतं. वीजही होत होती थोडीफार, पण तिला बाहेर पडायला वाट नव्हती. मला वाटलं, सवयीने थोड्या वेळात जमेल. लग्नात सनई वाजली, आबांनी मान डोलावली. सनई थांबली, तरी ते मान डोलावत राहिले. तेव्हा मी समजलो.

समजले आबाही. घरी येऊन त्यांनी डबी हलवून पाहिली, तार काढून पुन्हा लावली, टोपी सूर्याकडे धरून बघितली. काहीच दिसलं नाही, कारण मी दिसतच नाही. मग शेतात जाऊन ते स्वतःशीच बोलले. एक गंमत सांगतो, ज्याला ऐकू येत नाही त्याला वाटतं आपण मनातल्या मनात बोलतोय, पण तो मोठ्याने बोलत असतो. म्हणून आबांच्या मनातलं मला सगळं ठाऊक.

"पोरले सांगानं नई," आबा केळीच्या झाडांना म्हणाले. "इतला जीव लाईसन करेल शे. बंद पडनी म्हनानं का तिले? सनना दिवसले?"

सणाच्या दिवशी पोरीचा हिरमोड नको, म्हणून हा माणूस बंद टोपी घालून हिंडू लागला. कुणी काही बोललं की हसायचं आणि म्हणायचं, "हां, हां." ही त्यांची जुनी सवय होती, माझ्यामुळे सुटलेली. ती पुन्हा लागली.

आखाजीच्या दिवशी भर दुपारी चारुलता शेतात आली. सणाला जवळच्याच आपल्या गावी आलेल्या ललितने तिला शहाद्याच्या स्टँडवरून मोटरसायकलवर आणलं होतं. तो बांधावर गाडीपाशी थांबला आणि ती धावत आबांकडे आली. आबा विहिरीजवळच्या निंबाखाली बसले होते.

"आबा," ती म्हणाली, "मन्ही निवड व्हयनी! जर्मनीले. दोन वरीस. कागद समदा तयार शेतस, फक्त तुम्हनं हां पाहिजे. तुम्ही हां म्हनशात तरच जासू. नई म्हनशात त नई जासू, खरंच नई जासू."

मी वर होतो आणि माझ्यावर ऊन रणरणत होतं. माझ्यात जीव असता तर यातला शब्द न् शब्द आबांच्या कानात गेला असता. मी माझ्या तुटक्या तारा एकमेकींकडे ताणायचा प्रयत्न केला. पण जागच्या जागी पडून राहणारी वस्तू मी, कसला ताणणार?

आबा तिच्या तोंडाकडे बघत होते. मग हसले आणि म्हणाले, "हां, हां."

"खरंच?"

"हां, हां! जाय."

चारुलताने तिथेच मातीत त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडत हसत बांधाकडे पळाली.

आता हा 'जाय' आला कुठून, मला आजही कळलेलं नाही. आबांना वाटलं असेल, ती घरी जाते म्हणतेय. ती गेल्यावर मात्र ते विचारात पडले. सणाला पाया पडणं वेगळं, आणि असं डोळ्यांत पाणी आणून पडणं वेगळं. त्यांनी बांधाकडे पाहिलं. ललित हेल्मेट हातात घेऊन उभा होता आणि चारुलता त्याला हातवारे करून काहीतरी सांगत होती. तोही उड्या मारत होता.

"लगीननी गोट शे," आबा निंबाला म्हणाले. "पोरगा चांगला दिसस."

मी मनात म्हटलं, अहो आबा, नाही हो! पण माझं कोण ऐकणार? माझ्यातून तर आता वीजही जात नव्हती.

पुढचे दिवस घरात जो घोळ झाला त्याला तोड नाही. चारुलताने आईला सांगितलं, आबा हो म्हणाले. कौसाबाईंना पोरीने एवढ्या लांब जायला नकोच होतं. त्यांना वाटलं, नवऱ्याने आपल्याला न विचारता परस्पर होकार दिला. त्या एकदाच ओसरीवर येऊन कडाडल्या, "माले न इचारता हां म्हननात ना? आते तुम्हनं तुम्हीच दखा!"

आबा म्हणाले, "हां, हां."

झालं! कौसाबाईंनी अबोला धरला. भाकरी वाढायच्या, पण ताट आपटून. आबांना वाटलं, पोरीचं लग्न ठरलंय, आईचं मन जड झालंय, बोलत नसेल. शेजारीपाजारी न्याहारीच्या वेळी, डबीत जीव असताना येऊन सांगायचे, "नथ्थूभाऊ, आते पोर दूर जाई." आबा डोळे पुसून म्हणायचे, "पोरना जलमच तो." सगळ्यांना सगळं पटायचं. माझ्याशिवाय कुणालाच काही खटकत नव्हतं, आणि मी तर कुणाला दिसतही नव्हतो.

चारुलताही गडबडीत होती. जळगाव, मुंबई, पुन्हा जळगाव. आबांशी दोन शब्द बोलायची तेही घाईत. ते "हां" म्हणायचे आणि ती पुढच्या कामाला पळायची.

जायचा दिवस आला. ललित भाड्याची जीप घेऊन तिला मुंबईला सोडायला आला. अंगणात भली मोठी बॅग, नातेवाईक, पेढे. आबा दारात उभे राहून हे सगळं बघत होते. लग्न नाही, मांडव नाही, आणि पोरगी बॅग भरून त्या मुलाबरोबर निघाली? मग त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि सवयीप्रमाणे मोठ्याने बोलून गेले, "आजकालना पोरं. मुंबईमा कोर्टमा करतीन. करू द्या."

जीपच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी ऐकलं. आणि इतका वेळ जो माणूस मला भोळा वाटत होता, तो मला फार मोठा वाटला. पोर पळून जाऊन लग्न करते आहे असं त्याला वाटत होतं, आणि तरी तो तिला हसतमुखाने निरोप द्यायला निघाला होता.

पण रिकाम्या हाताने कसा देणार? त्यांच्याकडची रीत अशी, की मुलगा पसंत पडला की मुलीचा बाप त्याच्या हातात नारळ देतो आणि डोक्यावर टोपी ठेवतो. आबा आत गेले, देवापुढचा नारळ उचलला. नवी टोपी कुठे मिळेना. तेव्हा ते तसेच अंगणात आले, ललितच्या हातात नारळ दिला, स्वतःच्या डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

म्हणजे मी आता ललितच्या डोक्यावर. 

"जावईबापू," आबा म्हणाले, "मन्ही पोरले संभाळा."

ललितच्या हातात नारळ, डोक्यावर टोपी आणि टोपीतून निघालेली तार थेट आबांच्या खिशात. त्या बिचाऱ्याला हलताही येईना. "आबा," तो कसाबसा म्हणाला, "मन्हं लगीन त मांगला साल व्हयनं. चारू जेवाले येल व्हती ना!"

आबा म्हणाले, "हां, हां."

कुणीतरी फस्सकन हसलं. ललित मागे सरकला, तार ताणली गेली आणि आबांच्या खिशातून डबी बाहेर येऊन लोंबकळू लागली. चारुलताने ती पकडली. डबीवर एक हिरवा दिवा असतो. एवढ्या कडक उन्हात तो लागलेला असायला हवा होता. तो विझलेला होता.

तिने ललितच्या डोक्यावरून टोपी काढली आणि मला सूर्यासमोर धरलं. तिला दिसलो मी. अगदी पहिल्यांदा कुणाला तरी मी दिसलो, आणि तोही मोडलेला. माथ्यावर आडवी एक बारीक, धुरकट रेघ.

तिने आबांकडे वळून हळूच विचारलं, "आबा, शेतमा मी तुम्हले काय इचारं व्हतं?"

आबा हसले. "हां, हां."

चारुलता बॅगेवर बसली.  जीपचा ड्रायव्हर म्हणाला, उशीर होतोय. ती म्हणाली, "थांबा. आबानी हां म्हनेलच नई. मी कोठेच जात नई."

त्या एका वाक्यासरशी सगळं अधांतरी झालं. कौसाबाईंना पोरीने राहावं हेच हवं होतं, पण असं नको होतं. मग त्यांचाच अबोला आधी सुटला. त्या उठल्या, आबांचा हात धरून त्यांना ओसरीवर भिंतीपाशी बसवलं आणि डबी तिथल्या प्लगला लावली. आबा गुरासारखे तारेने भिंतीला बांधल्यागत बसून राहिले. हिरवा दिवा लागला. चारुलता त्यांच्यासमोर बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जर्मनी, दोन वर्षं, आणि शेवटी तेच, "तुम्ही नई म्हनशात त नई जासू."

 लग्न नाही, हे आबांना आधी पचवावं लागलं. ललितकडे बघून त्यांनी दोनदा मान हलवली, त्यात थोडी हळहळही होती. मग पोरीला विचारलं, "तठे ऊन पडस का?"

"पडस. थोडंथोडं."

"हं."

 मी चारुलताच्या मांडीवर पडून होतो आणि मला काही केल्या अंदाज येईना. नाही म्हणतील? होय म्हणतील? म्हणावं तरी काय त्यांनी?

"तवय माले काहीच ऐकू उनं नई," आबा म्हणाले. "पन तुन्हं तोंड दखं मी. इतलं हासत येल तुले मी कवय दखं नव्हतं. जे काय मांगी ऱ्हायनी व्हती, ते मांगी ऱ्हायनी व्हती. मंग नई कसं म्हनू? तवय बी हां व्हतं. आते बी हां शे. जाय."

कौसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांची नजर माझ्यावरच्या रेघेवर गेली आणि त्या चरकल्या. "ही त घडी शे. मन्ही. मीच मोडी का वं टोपी?"

"नई माय," चारुलता म्हणाली. "वाकनं तरी चालस म्हनेल मीच व्हते. घडी घाली त काय व्हस, ते कोनलेच माहीत नव्हतं. तेच त शिकाले जानं शे माले."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. चारुलताने बॅगेतून कात्री काढली, आणि मला कळायच्या आत रेघेच्या कडेने मला कापलं. रेघेसकट एक तुकडा तिने आपल्या वहीच्या पानांत ठेवला. उरलेला तुकडा टोपीवर राहिला. त्याला तिने वीज जाऊ देणाऱ्या चांदीच्या लेईचा ठिपका लावून तार पुन्हा जोडली, आणि टोपी आबांच्या डोक्यावर ठेवून त्यांना अंगणात उन्हात आणलं. डबीवरचा दिवा लुकलुकला. अगदी मंद.

"आबा, ऐकू येस का?"

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यावरून सगळ्यांना कळलं. जीप निघाली.

आता तुम्ही विचाराल, मग तू कोणता? टोपीवरचा की जर्मनीतला? मीही तेच विचारतो. मोडलेलं अंग तिकडे गेलंय, त्याला रोज यंत्राखाली धरून बघत असतील. धड अंग इकडे आहे. तिकडचा तुकडाही असाच कुणाला तरी सांगत बसला असेल, "मी बोलतोय," म्हणून. त्याला भेटलात तर सांगा, इकडे बरं चाललंय.

अर्ध्या अंगात ताकदही अर्धीच. सकाळचं कोवळं ऊन मला पुरत नाही, संध्याकाळचं तर नाहीच. सूर्य थेट डोक्यावर आला की तेवढा वेळ माझ्यातून नीट वीज जाते. म्हणून चारुलताचा फोन भर दुपारी येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते, कामाला जायच्या आधी ती मुद्दाम वेळ काढते. आबा निंबाची सावली सोडून रिकाम्या वावरात मध्यभागी जाऊन उभे राहतात आणि फोन कानाला न लावता सदऱ्याच्या खिशाला लावतात, कारण ऐकणारी डबी तिथे आहे. दलसिंग रस्त्यावरून ओरडतो, "नथ्थूभाऊ, सावलीमा ये ना! डोकं फिरनं का?" आबा त्याला हाताने गप्प राहायला सांगतात.

कौसाबाई आता टोपी गादीखाली ठेवत नाहीत. तांब्या पालथा घालून त्याच्यावर चढवून ठेवतात. टोपी जरा गबाळी दिसते, लोक बोलतात. तुमच्याही घरी उद्या माझ्यासारखं कुणी आलं, तर एवढं ध्यानात ठेवा. आम्हाला गुंडाळा, वाकवा, कमानीवर बसवा. फक्त घडी घालू नका. आम्ही ओरडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही.

बाकी मला माणसांचं गणित काही सुटलेलं नाही. कालचंच सांगतो. ऊन लखलखीत होतं. माझ्यातून वीज अशी वाहत होती की डबीवरचा दिवा स्थिर जळत होता. पलीकडून चारुलता म्हणाली, "आबा, माले तुम्हनी याद येस." शब्द न् शब्द स्वच्छ आला, माझी खात्री आहे. आबांनी तो ऐकला, मला त्यांचं डोकं हललेलं जाणवलं.

आणि आबा म्हणाले, "ऐकू नई उनं. परत सांग."

तिने परत सांगितलं.

"नई उनं. परत सांग."

ऐकू येत नव्हतं तेव्हा हा माणूस हो म्हणत होता. आता ऐकू येतं, तर नाही म्हणतो. मी आपला उन्हात पडून विचार करतो आहे.